बाबांच्या दुकानाविरुद्ध माझं पहिलं मत

माझ्या बाबांनी आयुष्यात दारूचा थेंब घेतला नाही, आणि तरी चार वर्षं ते देशी दारूच्या सरकारमान्य दुकानात काउंटरच्या जाळीमागे बसले. त्या चार वर्षांतलं मला जे आठवतं ते सगळं धुक्यात भिजल्यासारखं आहे. माणसं जवळ येईपर्यंत ओळखू येत नाहीत, आवाज आधी येतो आणि चेहरा मागून.

आमचं गाव मारेगाव तालुक्यातलं, वणीच्या रस्त्यापासून जरा आत. त्याआधी बाबा जिनिंगमध्ये होते. हंगामात ते घरी यायचे तेव्हा त्यांच्या पापण्यांवर, कानांच्या पाळ्यांवर, अगदी नाकातल्या केसांवरसुद्धा कापूस बसलेला असायचा. दारात उभे राहून ते टॉवेलनं अंग झटकायचे आणि अंगणातल्या उन्हात ते तंतू कितीतरी वेळ तरंगत राहायचे. मी लहान होते, मला वाटायचं आमच्या बाबांच्या अंगातूनच कापूस निघतो. पुढे कापसाचे वाईट दिवस आले. जिनिंग आधी सहा महिने चालायचं ते तीन महिन्यांवर आलं, आणि एका दिवाळीनंतर त्याचं फाटक उघडलंच नाही. बाबांना हिशेब येत होता, माणूस शांत होता आणि पीत नव्हता. एस.टी. थांब्यासमोरच्या दुकानाच्या मालकाला असाच माणूस हवा होता.

मग बाबांच्या अंगाला दुसरा वास येऊ लागला. संत्र्यासारखा, गोडसर. मला तो वास वाईट वाटत नव्हता हे आज सांगायला संकोच वाटतो, पण खरं तेच आहे. बाबा दुपारी जेवायला आले की तो वास आधी घरात शिरायचा आणि मला बरं वाटायचं, कारण बाबा आले.

दर रविवारी सकाळी बाबा विहारात वंदनेला जात. पांढरा सदरा, ओले विंचरलेले केस. पंचशील म्हणताना पहिली चार शीलं त्यांच्या आवाजात स्वच्छ ऐकू येत. पाचवं शील मद्याचं. तिथं त्यांचा आवाज इतका खाली जाई की शेजारी बसलेल्या मला फक्त त्यांचे ओठ हलताना दिसत. वंदना संपली की ते घरी येऊन सदरा बदलत आणि दुकानावर जात.

बाबांची थोरली बहीण, माझी आत्या, आमच्याच गावात दिलेली होती. तिचे यजमान, म्हणजे आमचे मामाजी, विहिरी खोदायचे. आसपासच्या दहा गावांतल्या विहिरींत त्यांचे हात लागले होते. मी लहान असताना ते मला सांगत, "पोरी, खाली गेलं ना, का आभाय ताटाएवढं दिसते. अन् इतकं निळं, का वरून कधी दिसतच नाही." बोलताना त्यांचे डोळे खरंच तसे निळसर वाटायचे मला. पण त्या वर्षांत नवी विहीर खोदायची ऐपत कुणाची राहिली नव्हती. मामाजींच्या पहारी आणि दोर आत्याच्या ओसरीवर पडून राहिले, आणि मामाजी सकाळी उठून थांब्याकडे जाऊ लागले. दुकान उघडल्यावर बहुतेक दिवशी पहिला पेला त्यांचाच असे, आणि तो देणारे हात माझ्या बाबांचे.

मामाजींना नाही म्हणता आलं नसतं का, असं मी बाबांना पुढे एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, "मी नाही म्हटलं असतं त मालकानं दुसरा मानूस बसवला असता. त्यानं जास्त देली असती." आणि थोड्या वेळानं म्हणाले, "हे मी मले सांगत होतो."

आत्याच्या मुलीला पाहायला पाहुणे येणार होते त्या सकाळी हे सगळं फाटलं. पाहुणे झरी जामणीकडचे, एस.टी.नं येणार होते. आत्यानं पहाटेपासून अंगण सारवलं होतं, माझ्या मायनं पोह्यांचे कांदे चिरून दिले होते. मामाजींनी दाढी केली, धुतलेलं धोतर नेसलं आणि "आलो एवढ्यात, पाहुन्याईले घेऊनच येतो" म्हणून निघाले. एस.टी. आली तेव्हा ते दुकानाच्या ओट्यावर आडवे झाले होते. पाहुण्यांपैकी एका म्हाताऱ्यानं त्यांनाच हलवून विचारलं की अमक्याचं घर कुठे. मामाजींनी डोळे उघडले, हसले आणि म्हणाले, "मीच थो."

पाहुणे घरी आले, पाणी प्यायले, पोहे न खाता उठले. वाईट काहीच बोलले नाहीत. आत्याची मुलगी नवी साडी नेसून आतल्या खोलीत बसली होती, ती संध्याकाळपर्यंत तशीच बसून राहिली. बाबांनी हे सगळं काउंटरच्या जाळीतून पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा जेवायला बसले असताना आत्या आली. दारातच उभी राहिली.

"भाऊ, तुह्या दुकानाले मी कुलूप लावतो."

बाबा ताटाकडे पाहत म्हणाले, "दुकान माहं नाही, बाई. मालकाचं हाय."

"बसते तर तूच ना."

माय तव्यावरची भाकर उलटत होती. ती थांबली नाही, पण तिनं मान वळवून बाबांकडे पाहिलं. बाबा अर्धी भाकर ताटात ठेवून उठले आणि हात धुऊन निघून गेले.

आत्या बचत गटात होती, आणि तालुक्याच्या बैठकीत तिनं एक गोष्ट ऐकली होती. गावातल्या बायकांनी सह्या करून मागणी केली तर सरकार दारूच्या दुकानासाठी मतदान घेतं. फक्त बायकांचं. कागदावर दोन बाटल्यांची चित्रं असतात, एक उभी, एक आडवी. उभीवर शिक्का मारला की दुकान राहतं, आडवीवर मारला की जातं.

"मले लिवता येत नाही बरोबर," आत्या मला म्हणाली. "तू अर्ज लिवून देतं का?"

मी बारावी होऊन घरी होते. माझं अक्षर वळणदार होतं, शाळेच्या फळ्यावरचा सुविचार नेहमी मीच लिहायची. मी मायकडे पाहिलं. घर त्या दुकानावर चालत होतं. मायनं हात पदराला पुसले आणि म्हणाली, "लिव. रविवारी विहारात तुह्या बापाचा आवाज कुठं बसते, ते मले ठाऊक हाय."

मी अर्ज लिहिला. आत्या, माय आणि मी सह्या गोळा करायला निघालो. ते हिवाळ्याचे दिवस माझ्या मनात एका लांब, सौम्य दुपारीसारखे राहिले आहेत. तुरी फुलल्या होत्या, बांधावरून जाताना पिवळी फुलं केसांत अडकायची. आमच्या मोहल्ल्यातल्या बायकांनी पटापट सह्या केल्या. पाटलांच्या आळीत मात्र दारं अर्धीच उघडली. एका मोठ्या घरच्या सुनेनं पुढच्या दारातून आम्हाला नाही म्हटलं आणि आम्ही वळलो तर मागच्या अंगणातून हाक मारून, गोठ्याच्या भिंतीला कागद टेकवून, घाईघाईनं सही केली. सही करताना तिच्या हातातल्या बांगड्या वाजू नयेत म्हणून तिनं दुसऱ्या हातानं त्या धरून ठेवल्या होत्या.

गावाच्या हद्दीत, रानाच्या कडेला कोलामांचा पोड होता, पंधरा-वीस घरांची वस्ती. तिथल्या एका म्हातारीचा शब्द सगळ्या बायका मानत. मी वहीच्या पानावर दोन बाटल्या काढून तिला दाखवल्या. तिनं कागद हातात घेतला, उलटा केला, परत सुलटा केला.

"ही झोपली वाटते," आडव्या बाटलीवर बोट ठेवून ती म्हणाली.

"हाव आजी. हिले झोपवाची हाय."

ती मागे वळून इतर बायकांशी कोलामीत काहीतरी बोलली. त्या हसल्या. मला एक शब्द कळला नाही, पण पाण्यावरून वारा जावा तसं ते हसू एकीकडून दुसरीकडे गेलं. मग तिनं अंगठा पुढे केला. "अंगठा देतो. पन त्या दिवशी कापसाची वेचनी असन, त कसं करतं?"

त्याच दिवसांत बाहेरगावची माणसं गाड्यांतून यायची. कुणी फाईल घेऊन, कुणी कॅमेरा घेऊन. कापसाबद्दल विचारायची, मेलेल्या माणसांबद्दल विचारायची. एका माणसानं आत्याला विचारलं की इथली माणसं दारूपायी जीव देतात हे खरं का. आत्या सह्यांचे कागद छातीशी धरून उभी होती. त्याला वाटलं असेल ती हो म्हणेल. ती म्हणाली, "भाऊ, तुमी दारूचं नाव लिवान अन् कापसाचं खोडून टाकान. दोनी लिवत असान त बसा, सांगतो." त्यानं वही मिटली. मला तेव्हा आत्याचा राग आला होता, आपलंच म्हणणं तो माणूस मांडत होता आणि हिनं त्याला परत पाठवलं म्हणून. ती कशाला भीत होती ते मला खूप उशिरा समजलं.

अर्ज गेला. सह्या तपासायला तहसीलचे लोक येऊन गेले. आणि एका दुपारी बाबा नेहमीपेक्षा लवकर घरी आले. मी जात्याजवळ बसून डाळ निवडत होते. ते माझ्यासमोर खाटेवर बसले.

"मालक आलते आज," ते म्हणाले. "अर्जाची झेरॉक्स होती त्याईच्याजवळ. मले दाखोली. म्हणे, हे अक्षर कोनाचं?"

माझे हात सुपातच थांबले. "मग?"

"म्या सांगतलं, शाळेतल्या एखाद्या मास्तराचं असन."

बाबा खोटं बोलत नसत. बाहेर कुणाची तरी बैलगाडी गेली, तिची घुंगरं लांब जाऊन विरेपर्यंत ऐकू येत राहिली. मग बाबा म्हणाले, "यादी पाहिली का तुमी?"

"कोनती यादी?"

"मतदाराईची. जेवढ्या बाया यादीत हाय, त्याईच्या अर्ध्याच्या वर मतं आडवीले पाह्यजे. ज्या येनार नाही, त्या उभीच्याच बाजूनं धरल्यासारख्या होते. लग्न होऊन गेलेल्या पोरी हाय यादीत. मेलेल्या बाया हाय. त्या कशा येतीन?"

एवढं बोलून ते उठले आणि पाणी पिऊन परत दुकानावर गेले. त्यांनी हे कशासाठी सांगितलं, कुणाच्या बाजूनं सांगितलं, मी विचारलं नाही.

आत्या आणि मी तहसीलमधून यादी आणली. ओसरीवर बसून मी एकेक नाव वाचायची आणि आत्या सांगायची. ही आहे. ही वणीला दिली. ही मागच्या पोळ्याच्या आधी गेली. ही राजूरला खाणीवर नवऱ्याबरोबर राहते. तिच्या तोंडून गावातल्या सगळ्या बायका जणू ओसरीसमोरून चालत गेल्या, जिवंत आणि मेलेल्या, कुणी डोक्यावर पाण्याचा गुंड घेऊन, कुणी पोर कडेवर घेऊन. माझ्या आजीचंही नाव यादीत होतं. ती जाऊन सहा वर्षं झाली होती आणि सरकारच्या लेखी ती अजून दारूच्या दुकानाच्या बाजूनं उभी होती. आम्ही दाखले गोळा केले, अर्ज केले, काही नावं कमी झाली. काही तशीच राहिली. आणि यादीच्या शेवटी, पुरवणीत, माझं नाव नवीन छापून आलं होतं.

मतदानाचा दिवस कापसाच्या वेचणीतलाच निघाला. आदल्या दिवशी कळलं की मालकानं एक टेम्पो ठरवलाय. दुसऱ्या तालुक्यात एका मोठ्या शेतावर वेचणी आहे, नेहमीपेक्षा जास्त मजुरी, सकाळी दिवस निघायच्या सुमारास गाडी येईल, सांजेला परत आणून सोडेल. पोडावरच्या बायका आणि आमच्या मोहल्ल्यातल्या निम्म्या बायका मजुरी करणाऱ्या. हंगाम संपत आलेला, त्यातून त्या वर्षी झाडावर बोंडंच कमी. कुणाला जाऊ नको म्हणायची आमची छाती नव्हती. आणि घरोघरी जाऊन बायकांना गाडीत बसवायचं काम मालकानं ज्या माणसाला सांगितलं होतं, तो गावातलं प्रत्येक घर ओळखत होता. ते माझे बाबा.

त्या सकाळी इतकं धुकं होतं की शाळेसमोरचा कडुलिंब दिसत नव्हता. मतदान शाळेत होतं. मी, माय आणि आत्या सगळ्यांत आधी जाऊन रांगेत उभ्या राहिलो. आमच्यामागे पाच-सहा बायका. दोन महिला पोलीस शेकोटीजवळ हात शेकत उभ्या. खोलीत बाकं सरकवण्याचा आवाज येत होता. रांग वाढत नव्हती. आत्या सारखी मागे वळून पाहत होती आणि मागे फक्त पांढरं होतं.

मग टेम्पोचा आवाज आला. पोडाकडून येत होता तो. धुक्यातून आधी दोन पिवळे दिवे दिसले, मग पुढच्या सीटवर बसलेले बाबा, मागे दाटीवाटीनं उभ्या बायका, त्यांच्या कमरेला वेचलेला कापूस भरायच्या ओट्या बांधलेल्या. टेम्पो शाळेसमोरून पुढे जाऊ लागला आणि थांबला. बाबा खाली उतरले. मागच्या चाकाजवळ जाऊन बसले. बराच वेळ बसून राहिले.

"हवा कमी वाटून राह्यली," ते म्हणाले.

ड्रायव्हर उतरला. "आत्ता त बराबर होती, काका."

"आता नाही."

ड्रायव्हरनं पाहिलं. चाक खरंच बसलेलं होतं. स्टेपनीही बसलेली निघाली. तो बाबांकडे पाहत राहिला, मग काय त्याच्या मनात आलं कोण जाणे, त्यानं चाक खोललं, कुणाची तरी सायकल मागून घेतली आणि चाक मागे बांधून हायवेवरच्या पंक्चरच्या दुकानाकडे निघून गेला. धुक्यात शिरल्यावर त्याच्या सायकलीची कुरकुर तेवढी ऐकू येत राहिली.

बाबांनी कुणाला काही सांगितलं नाही. ते शाळेकडे पाठ करून रस्त्याच्या पलीकडे उभे राहिले, हात मागे बांधून, जणू शेतात काहीतरी पाहत आहेत. टेम्पोतल्या बायका थोडा वेळ तशाच उभ्या होत्या. मग पोडावरची म्हातारी खाली उतरली. तिच्यामागे दुसरी, तिसरी. ओट्या बांधलेल्या तशाच, अनवाणी, त्या धुक्यातून एकेक करून आमच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. आत्यानं माझा हात धरला.

मी पहिलीच आत गेले. बोटाला शाई लावली, कागद हातात आला. पुठ्ठ्याच्या आडोशामागे मी एकटी होते. दोन बाटल्या. चित्र फार साधं होतं, शाळेतल्या मुलानं काढल्यासारखं. मला बाबांचा काउंटर दिसला, जाळी दिसली, जाळीमागे दुपारी ते जी पोथी वाचत बसत तिचं पिवळं पान दिसलं. उद्यापासून ते कुठे बसतील ते मला ठाऊक नव्हतं. मी आडव्या बाटलीवर शिक्का मारला. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं मत.

म्हातारी बाहेर आली तेव्हा तिनं माझ्याकडे पाहून एवढंच म्हटलं, "झोपोली."

ऊन वर आलं, धुकं विरलं, चाक आलं. बायका परत टेम्पोत चढल्या आणि वेचणीला गेल्या. बाबा त्यांच्याबरोबर गेले, कारण मालकानं त्यांना तसं सांगितलं होतं. दहाच्या सुमारास मालकाची जीप आली, पण तोवर मतं पेटीत पडली होती. संध्याकाळी बाबा परतले तेव्हा मालक त्यांना म्हणाला, "टायर आजच बसाचं होतं?" बाबा म्हणाले, "टायर हाय, साहेब."

मोजणी दुपारनंतर तिथंच झाली. आडवी बाटली निम्म्याच्या पुढे गेली, पण इतकी थोडी पुढे की जास्तीची मतं दोन हातांच्या बोटांवर मोजता आली असती. बायकांनी गुलाल आणला होता. आत्यानं तो उधळला नाही. ती शाळेच्या पायरीवर बसून रडली.

दुकान बंद व्हायला आणखी काही आठवडे गेले. शेवटच्या आठवड्यात बाबा रोज आत्याकडे जाऊ लागले. मतदानापासून बहीणभाऊ एकमेकांशी फार बोलले नव्हते.

"बाई," ते म्हणाले, "दुकान बंद झाल्यावर दाजीचं कसं करतं?"

"कसं म्हणजे? सुटन आता."

"तशी नाही सुटत. ज्याले सकाळी उठल्या उठल्या लागते, त्याची एकदम बंद झाली त मानूस हातचा जाते. गावात असे तिघं हाय. मले त्याईची मापं ठाऊक हाय."

ही गोष्ट अर्जात कुठे नव्हती, मतदानाच्या कागदावर नव्हती, दुकान बंद करायच्या आदेशातही नव्हती. ती फक्त माझ्या बाबांना ठाऊक होती, कारण चार वर्षं त्यांनीच ते पेले भरले होते. दुकानाला सील लागलं त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मामाजींच्या हातांना कंप सुटला. ते ओसरीवर बसून हवेतून काहीतरी पकडू लागले. "कापूस उडून राह्यला," ते म्हणत होते, "घरभर कापूस उडून राह्यला, दार लाव." आत्यानं दार लावलं. ते म्हणाले, "आता आतच अडकला." बाबांनी वाट पाहिली नाही. जीप ठरवून तिघांनाही तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांना त्यांनी प्रत्येकाचं माप सांगितलं, रोज किती, किती वर्षं, शेवटची कधी. आठ दिवस ते तिथंच व्हरांड्यात राहिले. माय रोजच्या एस.टी.नं डबा पाठवायची. तिघंही चालत घरी आले.

बाबांना पुढे राजूरला चुन्याच्या भट्टीवर काम मिळालं. सायकलनं जायचे. पगार कमी होता आणि घरात ओढाताण होती, तरी पुढल्या वर्षी मला डी.एड.ला घातलं. मालकानं दुसऱ्या तालुक्यात कुठं तरी लायसन नेलं असं ऐकलं.

गावातली दारू संपली असं मी लिहिणार नाही. रानातून मोहाची येऊ लागली, प्लास्टिकच्या पिशव्यांत. आणि ज्यांना देशीच हवी ते पाच-सहा किलोमीटरवरच्या गावी चालत जाऊ लागले. आत्याला त्याचं फार लागलं. एकदा ती म्हणाली की सगळं फुकट गेलं. बाबा तिथं होते. ते म्हणाले, "पह्यले थांब्यावर भाजी घ्याले गेलेला मानूस पिऊन येत होता. आता प्याले म्हणून जा लागते. चालता चालता एखादा परत फिरते, बाई. मी पाह्यतो ना रोज सायकलवरून."

त्यांनी मामाजींना तसं पाहिलं होतं. दवाखान्यातून आल्यावर मामाजी पाच महिने कोरडे राहिले, मग एक दिवस त्या गावाच्या वाटेला लागले. कधी जायचे, कधी नाही. बाबा राजूरहून येताना त्यांना पळसाच्या झाडाखाली बसलेलं पाहत. जायचं की परतायचं ते ठरत नसे. बाबा सायकल लावून शेजारी बसत. कधी दोघं मिळून गावाकडे येत, मामाजी सायकलचं कॅरिअर धरून. कधी मामाजी उठून दुसऱ्या बाजूला चालू लागत, आणि बाबा एकटे येत.

आत्याच्या मुलीचं लग्न त्यातल्याच एका बऱ्या वर्षात झालं. मुलगा मारेगावचा. मांडवात मामाजी पांढरे कपडे घालून सकाळपासून रात्रीच्या पंगतीपर्यंत उभे होते. पाहुण्यांना पाणी त्यांनी स्वतः दिलं. मी त्यांच्या हाताकडे पाहत होते. पेला थोडा हलत होता, पाणी सांडत नव्हतं.

दुकान बंद झाल्यावर चार वर्षांनी मामाजी गेले. लिव्हर आधीच गेलं होतं, दवाखान्यात नेलं तेव्हाच डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी तोवर नोकरीला लागले होते, सुटी काढून गेले. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमानंतरच्या दुपारी आत्या आणि मी तिच्या ओसरीवर बसलो होतो. घरात आता माणसांची ये-जा थांबली होती. मी फार शिकल्यासारखं तिला म्हणाले की आत्या, एवढं करून शेवटी ते गेलेच.

ती तांदूळ निवडत होती. खडा बाजूला टाकून म्हणाली, "चार वर्षं भेटली ना मले."

मग म्हणाली, "त्यातले दोन उन्हाळे त तो रोज संध्याकायी घरी होता. अंगनात खाट टाकून बसे. मी स्वयंपाक करो अन् तो बोलत राहे." तिनं सूप उचललं आणि उन्हाच्या दिशेनं तोंड करून पाखडायला लागली.